एका हाताने लावायचा ट्रायपॉड

गिऱ्हाईक जिना चढून येतं आणि पहिलंच वाक्य म्हणतं, "सगळ्यात हलका दाखवा." मी दाखवते. ते दोन बोटांनी उचलून बघतं आणि खूश होतं. मग मी त्यावर दुकानातला स्कोप चढवते, समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरचं नाव वाचायला सांगते आणि खालच्या रस्त्यावरून एखादी बस जायची वाट बघते. बस गेली की टाकीवरची अक्षरं नाचायला लागतात. गिऱ्हाईक डोळा बाजूला घेतं. आमचं खरं बोलणं तिथून सुरू होतं.

माझं दुकान चिंचवडला, पहिल्या मजल्यावर. त्याआधी मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या स्टोअर्सला होते. तिथे वस्तू मागायला येणाऱ्याला ती कशासाठी हवी आहे हे विचारल्याशिवाय द्यायची नाही, अशी सवय लागली ती सुटली नाही. दुकान चालतं ते लग्नाचे फोटो काढणाऱ्यांवर. पण गेल्या काही वर्षांत पक्षी बघणारे वाढले. हिंजवडीत पगार वाढले, शनिवार मोकळा झाला, आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. एवढी तीन कारणं एखाद्या माणसाला पहाटे उठवून धरणावर न्यायला पुरतात.

ज्यांना या गोष्टीची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते. स्कोप म्हणजे एका डोळ्याने बघायची लांबलचक दुर्बीण. पाण्याच्या पलीकडच्या काठावर बसलेलं बदक ती अंगणात आणून ठेवते. पण जेवढ्या पटीने ती बदक मोठं करते तेवढ्याच पटीने हाताचा कंप, वारा, पायाखालची माती सगळंच मोठं करते. म्हणून ती हातात धरता येत नाही, ट्रायपॉडवरच बसवावी लागते. लोक स्कोप घ्यायला दोन-दोन वर्षं विचार करतात आणि ट्रायपॉड उरलेल्या पैशांत घेतात. मग महिन्याभरात माझ्याकडे येऊन म्हणतात, "स्कोपच खराब निघाला."

माझे प्रश्न ठरलेले. स्कोपचं वजन किती? उभ्याने बघणार की बसून? गाडीपासून किती चालणार? वारा कसा आहे? आणि उचलणार कोण, तुम्ही की बायको? या शेवटच्या प्रश्नाला नवरे हसतात, बायका हसत नाहीत. हातांबद्दलचा प्रश्न त्यात नव्हता. लावणाऱ्याला दोन हात आणि दहा बोटं असतात, हे ट्रायपॉड बनवणारे धरून चालतात. विलास येईपर्यंत मीही तेच धरून चालत होते.

विलास आला तो बायकोबरोबर, संगीताबरोबर. दोघं मूळचे बीडकडचे, राहायला चाकणच्या अलीकडे एका चाळीवजा इमारतीत. तो पस्तिशीचा असेल. उजवा हात त्याने पँटच्या खिशात ठेवला होता. बोलता बोलता तो बाहेर काढला तेव्हा दिसलं की अंगठा तेवढा शिल्लक आहे, चारही बोटं मुळापासून गेलेली.

"ताई, मला एका हातानं लावता यील असा पायजे," तो म्हणाला.

संगीता म्हणाली, "आदी काम कोणतं ते तर सांगा त्यांना."

काम असं होतं. धरणांच्या काठांवर पक्षी मोजून अहवाल देणारी एक खासगी संस्था आहे. तिथले सुर्वे माझे जुने गिऱ्हाईक. त्यांना चाकणच्या पुढच्या धरणाच्या फुगवट्यावर, मागे साठलेल्या पाण्याच्या काठाला, हिवाळाभर रोज बसणारा माणूस हवा होता. काठावर तीन जागा ठरलेल्या. पहाटे पहिल्या जागेवर स्कोप लावायचा, मोजायचं, उचलून दुसऱ्या जागेवर जायचं, मग तिसऱ्या. दिवसभर एकटं. स्कोप संस्थेचा, ट्रायपॉड ज्याचा त्याने आणायचा. विलास दोन-तीन वर्षं रविवारच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींबरोबर जायचा, त्यामुळे सुर्वे त्याला ओळखत होते. त्यांनी एकच अट घातली होती: एक दिवस मी बरोबर येईन, तिन्ही जागांवर तू एकट्याने लावून दाखव. जमलं तर काम तुझं.

"कंपनीनं अपघातानंतर ठेकेदाराकडं बोट दाखवलं, ठेकेदारानं घराकडं," संगीता म्हणाली. ती स्वतः एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला जात होती. "ह्ये काम लागलं तर बरं. न्हाईतर गावाकडं जावं लागतंय. तिथं काय हाय?"

मी विलासला विचारलं, अपघात कसा झाला. आमच्या पट्ट्यात हा प्रश्न उद्धट समजत नाहीत. भोसरी ते चाकण कुठल्याही बसमध्ये चढा, दांडी धरलेल्या हातांकडे बघा, एखादा तरी अपुरा दिसेल.

तो पत्र्याला आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर होता. या प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नाही. म्हणजे साचा येतो तेव्हा दोन्ही हात बटणांवर असतात, आत काही नसतं. शहाणपणाची रचना आहे. पण अशाने पत्रा ठेवायला आणि काढायला वेळ जातो आणि टार्गेट पुरं होत नाही. म्हणून एका बटणावर वायसर ठेवून वर टेप गुंडाळायची. ते कायमचं दाबलेलं राहतं. मग एक हात दुसऱ्या बटणावर आणि एक हात आत.

"सगळेच करतेत, ताई," विलास म्हणाला. "ऑडिट आलं की टेप काढायची, ऑडिट गेलं की लावायची."

"आणि सुपरवायझर?"

"त्योच तर टेपचा रोल आणून देतो."

तो हसला. संगीता दुकानातल्या बॅगा बघत राहिली.

मी कामाला लागले. खांबासारखा भक्कम ट्रायपॉड देणं सोपं असतं. तो पोलादासारखा जड असतो आणि वाऱ्यात हलत नाही. पण फुगवट्याच्या काठाने एका खांद्यावर तो वाहून न्यायचा तर तिसऱ्या जागेला पोचेपर्यंत माणूस मोजायच्या लायकीचा राहत नाही. हलका देणंही सोपं. पण तिथे सकाळी दहाच्या पुढे पाण्यावरून वारा सुटतो. हलका आणि भक्कम दोन्ही हवा असेल तर कार्बनच्या नळ्यांचा घ्यावा लागतो. तो हलका असतो आणि थरथर लवकर जिरवतो. मात्र दगडावर आपटला तर वाकत नाही, तडकतो.

असा एक माझ्याकडे होता. हिंजवडीतल्या एका साहेबांनी हौसेने घेतला, चार वेळा वापरला, मग त्यांची बदली झाली आणि विकायला माझ्याकडे ठेवून गेले. हे साहेब आधी तीन पायांच्या मधून वर सरकणारी दांडी पूर्ण वर काढून बघायचे. ट्रायपॉडच्या डोक्यावर काठी उभी करून त्या काठीवर दुर्बीण ठेवण्यासारखं ते आहे. मी सांगितलं, दांडी वर काढू नका, पाय लांब करा. ते म्हणाले, वाकावं लागतं. मी म्हटलं, मग पक्ष्यांना सांगा उंच बसायला. त्यानंतर त्यांनी माझं ऐकलं.

पाय लांब करून जिथे अडकवायचे तिथे दोन तऱ्हा असतात. एक पिळाची, नळी धरून फिरवायची. ती विलासच्या कामाची नव्हती. अंगठ्याने काही पिळता येत नाही. दुसरी खटक्याची. खटका उघडायचा, नळी सरकवायची, खटका दाबून बंद करायचा. हा साहेबांचा खटक्याचा होता, आणि पायाचे तीनच भाग होते, म्हणजे सहाच खटके. चार भाग असते तर नऊ. वर स्कोप बसतो ते डोकं एकाच दांड्याने वळवायचं, तेलावर सावकाश फिरणारं. दांडा मी डाव्या बाजूला बसवून दिला.

मग विलासला तो दुकानात, जिन्यात आणि शेवटी गच्चीवरच्या उतारावर लावायला लावला. तो हुशारीने लावत होता. एक पाय बुटाखाली दाबून धरायचा, खटका उजव्या तळहाताच्या टाचेने, मनगटाजवळच्या भागाने, बंद करायचा, डाव्या हाताने नळी ओढायची. बंद छान होत होते. उघडताना अडत होतं. खटके कडक होते, त्यांच्याखाली अंगठा घालून उचकटायला लागायचं आणि तो घामाघूम व्हायचा.

खटक्याच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने कडकपणा कमी-जास्त करता येतो. मी सगळे थोडे सैल केले, वर स्कोप चढवला आणि दांडा खाली दाबून बघितलं. पाय सरकला नाही. आणखी थोडे सैल केले. एक पाय केसभर सरकला. मी स्क्रू परत तेवढेच आवळले.

"अजून थोडं करा की, ताई."

"याच्यापुढे नाही. याच्यापुढे तो उभा दिसेल, पण उभा नसेल."

"आमच्या सुपरवायझरवानी बोलायल्या तुमी."

"तुमचा सुपरवायझर टेप आणून देतो. मी देत नाही."

संगीता त्या दिवशी पहिल्यांदा हसली. विलासने मान डोलावली, ट्रायपॉडच्या पिशवीचा पट्टा डोक्यातून घातला आणि दोघं बसस्टॉपकडे गेले.

ठरलेल्या दिवशी मीही धरणावर गेले. सुर्व्यांना स्कोप ट्रायपॉडवर बसवायची एक पट्टी द्यायची होती, हे कारण होतं. विलासला जमतं का ते बघायचं होतं, हे खरं कारण. दिवाळी उरकून थंडी पडायला लागली होती. चाकणच्या चौकात पहाटेच्या त्या वेळीही कंटेनरची रांग होतीच. ती ओलांडून पुढे गेलं की एकदम शेतं लागतात आणि मग पाणी.

पहिल्या जागेवर विलासने पिशवी उतरवली आणि ट्रायपॉड लावला. मी बघतच राहिले. दुकानात जे काम तो घामाघूम होऊन करत होता ते त्याने जवळजवळ खेळल्यासारखं केलं. बूट, टाच, डावा हात, झालं. सुर्वे म्हणाले, "अरे, माझ्यापेक्षा लवकर लावलास की." विलासने ते ऐकलं पण वर बघितलं नाही. स्कोप चढवून तो डोळा लावून बसला. पाण्यावर चक्रवाकांची जोडी होती, तिच्या मागे थापट्या बदकांचा थवा. तो हलक्या आवाजात आकडे बोलत होता आणि सुर्वे लिहून घेत होते. त्यांचे स्वतःचे आकडे त्यांनी वेगळे लिहिले. नंतर जुळवून बघितले तेव्हा जवळपास सारखे होते.

दुसऱ्या जागीही तसंच. मी सुर्व्यांना हळूच म्हटलं, "मग?" ते म्हणाले, "चांगला आहे. बघू तिसरी."

तिसरी जागा उतारावर होती, खाली काळे दगड आणि पलीकडे पाणी. वारा सुटला होता. विलासने पुढचा पाय लांब केला, मागचे आखूड ठेवले, पिशवी मधल्या दांडीला टांगली. सगळं मी सांगितलं होतं तसं. स्कोप चढवला. एक शेकाट्या उथळ पाण्यात चालत होता, त्याच्यावर नजर ठेवत त्याने दांडा खाली दाबला. त्याच वेळी वाऱ्याचा एक झोत आला. पुढचा पाय बसला. मोडला नाही, घसरला नाही. एखादा म्हातारा माणूस बसतो तसा आपल्यातच बसला. विलासने डावा हात पुढे केला. उजवाही केला. उजव्या हाताला धरायला काही नव्हतं. स्कोप दोन दगडांच्या मध्ये तोंडावर पडला.

सुर्वे खाली उतरले, स्कोप उचलून आणला. पुढची काच मधोमध तडकली होती. मी ट्रायपॉड उचलला. पाय का बसला ते मला बघायचं होतं, कारण मी तो बसणार नाही अशा बेताने दिला होता.

खटके बंद दिसत होते. जवळून बघितलं तेव्हा कळलं. प्रत्येक खटक्याच्या पोटाला सायकलच्या ट्यूबचा एक छोटा तुकडा चिकटवलेला होता, आणि तो सुटू नये म्हणून वर काळी टेप. त्यामुळे खटका पुरता बसत नव्हता, किंचित उचललेला राहत होता, म्हणजे अंगठा घातला की लगेच उघडत होता. काम सफाईदार होतं. सहाही तुकडे एकाच मापाचे कापलेले होते.

सुर्व्यांनीही ते बघितलं. "हे दुकानातून असंच आलंय?"

"माझ्याकडून गेला तेव्हा असलं काही नव्हतं," मी म्हटलं.

विलास म्हणाला, "म्या केलंय सर. घरी धा-बारा येळा लावून बगितला. पडला न्हाई."

"स्कोप लावून बघितलास?"

"स्कोप कुठनं आणू?" मग तो म्हणाला, "पाण्याची कळशी टांगून बगितली व्हती."

सुर्वे रागावणारे गृहस्थ नाहीत. ते एका दगडावर बसले आणि त्यांनी विलासलाही बस म्हटलं. तो बसला नाही.

"हे बघ विलास, काचेचं आम्ही बघू. माझ्या हातूनही एकदा पडलाय. पडला याचं काही नाही. पण इथे तू एकटा असणार. रोज मला आकडा आणून देणार. तो आकडासुद्धा असाच पटकन केलेला नाही, हे मी कशावरून धरायचं?"

"न्हाई सर. आकड्यात म्या कव्हाच..."



मी मध्ये पडले. म्हटलं, आत्ता तुकडे काढते, माझ्या गाडीत दुसरा स्कोप आहे, त्याला पुन्हा लावू द्या, वेळ लागेल पण लावेल. सुर्वे म्हणाले, "मॅडम, वेळ लागू दे म्हणून मीच आलो होतो. मी त्याला एकदाही घाई कर म्हटलेलं नाही. तुम्ही ऐकलंत का म्हटलेलं?"

मी ऐकलं नव्हतं.

परत येताना विलास माझ्या गाडीत होता. चाकणच्या चौकात आम्ही अडकलो. पुढे मोटारींनी भरलेला एक ट्रेलर होता, नव्या कोऱ्या, पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. मी विचारलं, "कुणी सांगितलं होतं रे तुला लवकर लाव म्हणून?"

"कुणीच न्हाई."

"मग?"

तो ट्रेलरकडे बघत होता. "मागं कुणी उभं ऱ्हायलं ना ताई, की हात आपोआप पळतेत. त्ये उभे व्हते न्हवं मागं."

ट्रेलर थोडा हलला, मी गाडी पुढे घेतली. मला म्हणायचं खूप होतं. दुकानात दोन तास घालवून मी त्याला कडकपणाचं गणित समजावलं होतं आणि त्याला ते समजलंही होतं. पण आठ-दहा वर्षं ज्याने टेप लावूनच काम केलं, आणि टेप लावणाऱ्यालाच ज्या कारखान्यात कामाचा माणूस म्हणतात, त्याला मी एका दुपारी काय शिकवणार होते? त्याने फसवाफसवी केली नव्हती. चांगला कामगार जे करतो तेच त्याने केलं होतं.

चार दिवसांनी सुर्व्यांचा फोन आला. नुकतंच शिक्षण संपवलेली एक मुलगी त्यांना मोजायला मिळाली होती. तिला इतकं सामान घेऊन तीन जागा फिरणं झेपणार नव्हतं, आणि त्या काठावर तिला एकटी ठेवणंही बरं नव्हतं. विलास तिच्याबरोबर राहील का? ट्रायपॉड त्याचाच. उचलायचा, नेऊन ठेवायचा. लावेल ती, बघेल ती, मोजेल ती. रोजंदारी मिळेल, अर्थात ठरली होती त्याहून कमी.

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा त्याला."

"तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल."

मी सांगितलं. विलासने कधीपासून एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी तो ट्रायपॉड घेऊन दुकानात आला. पुढच्या पायाच्या नळीला दगडावर आपटून बारीक तडा गेला होता, तो काठावर माझ्या नजरेतून सुटला होता; नळी मी बदलली. रबराचे तुकडे त्याने आधीच खरवडून काढले होते. मी खटक्यांचे स्क्रू बघायला घेतले तेव्हा तो म्हणाला, "आता पायजे तेवढे घट्ट करा, ताई. उघडणारी दुसरी हाय."

मी कारखान्यातून येतात तसे पूर्ण घट्ट करून दिले. यंत्र म्हणून विचाराल तर तो ट्रायपॉड आता जास्त भक्कम झाला होता.

नवीन वर्ष लागल्यावर एका रविवारी मी दुकानातल्या काही पक्षी बघणाऱ्या गिऱ्हाइकांना घेऊन फुगवट्यावर गेले. ती मुलगी दुसऱ्या जागेवर होती. चुणचुणीत होती, ट्रायपॉड नीट लावलेला होता, दांडी खाली, पिशवी टांगलेली, सगळं बरोबर. मी तिच्या स्कोपमधून बघितलं. पट्टकादंब हंस उतरले होते, पन्नासेक असतील. मंडळी एकेक करून बघत होती, वा वा करत होती. विलास बराच मागे, बाभळीखाली, पाण्याकडे पाठ करून बसला होता. मी हाक मारली, "विलास, ये, बघ तरी."

"बगा तुमी," तो म्हणाला. "सामानापशी कुणीतरी पायजे."

मुलगी म्हणाली, "मी रोज म्हणते काकांना. येतच नाहीत."

त्याच आठवड्यात संगीताचा फोन आला. ट्रायपॉडच्या पिशवीचा पट्टा उसवला होता, तसला दुसरा मिळेल का, हे तिला विचारायचं होतं. मिळेल म्हटलं. ती ठेवेना. मग म्हणाली, "ताई, तुमी गेल्ता म्हणं तिकडं. ह्ये तिथं दुर्बिणीतनं बगतेत का हो? घरी आले की काहीच बोलत न्हाईत. आदी रविवारी आले की ह्ये दिसलं, त्ये दिसलं, डोकं उठवायचे."

मला खोटं बोलायला जमत नाही आणि बोलून तिचा काही फायदाही नव्हता. म्हटलं, "नाही बघत, संगीता. ट्रायपॉड नेऊन ठेवतो आणि लांब जाऊन बसतो."

पलीकडे कॅन्टीनची भांडी वाजत होती. कोणीतरी तिला हाक मारली, ती "आले" म्हणाली.

"बसायला मिळतंय न्हवं?" ती म्हणाली. "मग बसू द्या, ताई. प्रेसवर बारा-बारा तास उभंच ऱ्हायचे."

आणि पट्टा काळाच द्या, मळत नाही, असं सांगून तिने फोन ठेवला.